घरातील लाकूडसामान आणि हवा

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी जुन्या घरात लाकूडसामान असे ते किती? पाट, चौरंग, पाळणा, फार तर एखादा झोपाळा. बलुतेदार सुतार खाचेत कुसू बसवी, वर लाकडी खुंटी ठोकी. चिकटवायचे झालेच तर जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस. सामानापासून हवेला अपाय नव्हता. मात्र त्याच घरात चुलीचा धूर कोंडे, आणि जुन्याचे गोडवे गाताना तो आपण सोयीस्करपणे विसरतो!

विसाव्या शतकात युरिया-फॉर्माल्डिहाइडची चिकट राळ आली. तिने लाकडाचा भुसा आणि कपच्या जुळून फळ्या होऊ लागल्या. फर्निचर स्वस्त झाले, हा लाभ लहान नव्हे. परंतु उष्ण, दमट हवेत ही राळ फॉर्माल्डिहाइड वायू सोडीत राहते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. आता भोरकडचा पावसाळा आणि बंद खिडक्या ध्यानी घ्या. कपाट भरीव लाकडाचे किंवा लोखंडी घ्यावे. फळ्यांचेच परवडत असेल, तर कडा पूर्ण बुजविलेल्या आहेत ना, हे पाहावे. पहिले काही आठवडे ते मोकळ्या हवेच्या खोलीत राहू द्यावे, तान्ह्या मुलाच्या खोलीत नको.