काल आणि तारता यांची फारकत

ध्वनिमुद्रिकेची गती वाढविली असता ध्वनी लवकर संपतो. परंतु त्याबरोबर त्याची तारता, म्हणजे स्वराची उंचीही वाढते. गती दुप्पट होताच स्वर एका सप्तकाने चढतो व प्रौढाचा आवाज बालकासारखा वाटू लागतो. ही सांगड यंत्राने लादलेली होय. घाईने बोलणाऱ्याचा स्वर काही सप्तकभर चढत नाही. म्हणूनच काल व तारता यांच्या फारकतीचा इतिहास हा केवळ यंत्राचा नव्हे, तर वाणीत आवश्यक किती आणि अधिक किती, या प्रश्नाचाही इतिहास होय.

ध्वनीचे विश्लेषण अल्पावधीच्या घटकांत करावे, असे प्रतिपादन डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये केले. १९५३ मध्ये विल्यम गार्वी यांनी ध्वनिफितीतील ठरावीक लांबीचे तुकडे कापून टाकले व उरलेले एकमेकांस जोडले. दुप्पट वेगातही बहुतेक शब्द श्रोत्यांस ओळखू आले. हेच काम इलिनॉय विद्यापीठातील ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये यंत्राकडे सोपविले. १९५७ मधील त्यांच्या प्रयोगात मिनिटास १४१ शब्दांचे भाषण २८२ शब्दांवर नेले असता आकलन मूळच्या सुमारे ९० टक्के टिकले.

मात्र हे यंत्र निवड करीत नव्हते. स्वरात जवळजवळ सारखीच आवर्तने पुनःपुन्हा येतात. त्यांपैकी काही गळाली तरी हानी होत नाही. उलट 'प' किंवा 'ट' यांचा स्फोट क्षणमात्र असतो. तो वगळलेल्या तुकड्यात सापडला तर व्यंजनाची ओळखच धोक्यात येते. पुढे १९६६ मध्ये फ्लॅनगन व गोल्डन यांनी ध्वनीची कंपनसंख्यांनुसार विभागणी करून निराळा मार्ग काढला. १९८५ मध्ये रूकोस व विल्गस यांनी जोडावयाचे तुकडे परस्परांशी जेथे अधिकाधिक जुळतील तेथेच सांधण्याची रीत दिली.

या खटाटोपाचे मोल कोणास, हे एमर्सन फौल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. त्याचा विषय होता अंध श्रोत्यांचे जलद वाणीचे आकलन. डोळस वाचक आपला वेग स्वतः ठरवितो. कानांनी वाचणारा मात्र निवेदकाच्या गतीने बांधला जातो. काल व तारता यांच्या फारकतीने ते बंधन शिथिल केले.