दूरभिंग आणि उजेडाचें देणें

वरसाव्याच्या नाक्यापासून थोडें चालावें, तों दोन निराळे उजेड भेटतात. एका बाजूस वसईची खाडी. ओहोटीला उघडा पडलेला चिखल, चकाकणारें पाणी आणि बगळ्यांचे पांढरे ठिपके. दुसऱ्या बाजूस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य. त्याच्या दाट छायेंत भर दुपारींही खाडीवरल्या उन्हाचा साठावा-सत्तरावा हिस्साच उजेड पोंचत असेल. डोळा हा फरक सहज पचवितो, कॅमेऱ्याला तो पचत नाहीं. म्हणून वन्य प्राण्यांच्या चित्रांसाठीं टेलिफोटो, म्हणजे दूरभिंग, कोणतें घ्यावें असें आमचे विद्यार्थी विचारतात, तेव्हां आम्ही त्यांस आधीं त्या भिंगाचा इतिहास सांगतों.

१८९१ सालीं लंडनमध्यें डालमायर, म्यूनिकमध्यें स्टाइनहाइल आणि जर्मनींतच मीटे, अशा तिघांनीं स्वतंत्रपणें एकच युक्ति काढली. पुढें बहिर्गोल आणि मागें अंतर्गोल भिंग बसविलें, म्हणजे लांबलचक नळीवांचून मोठी प्रतिमा मिळते. परंतु प्रतिमा वाढली म्हणून उजेड वाढत नाहीं. तोच उजेड अधिक जागेवर पसरतो. प्रतिमा दुप्पट, तर उजेड चतुर्थांश. तिप्पट, तर नवमांश. हें देणें वेळ देऊन फेडावें लागतें. डोंगराचा कडा तितका वेळ स्वस्थ उभा राहतो. हरिण राहात नाहीं. डालमायरनें १८९९ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तरी हा हिशेब कांहीं बदलला नाहीं.

आपल्या देशांत या अडचणीवर निघालेला तोडगा मोठा धाडसी होता. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणली. पाय लागतांच मॅग्नेशियमचा भडका उडे आणि वाघ स्वतःच आपलें चित्र काढून घेई! १९२७ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. बंदुकीच्या त्या जमान्यांत कॅमेरा घेऊन रानांत जाणारा हा गृहस्थ आम्हांस फार मोठा वाटतो. तथापि जनावरास आपली चाहूल लागूं न देणें हा जो दूरभिंगाचा खरा गुण, तो त्या भडक्यांत नव्हता.

पुढें १९६९ सालीं जपानच्या कॅनन कंपनीनें कृत्रिम फ्लोराइट स्फटिकाचें ३०० मिलिमीटरचें भिंग काढलें आणि लांब भिंगांतील रंगांची झालर पुष्कळ कमी झाली. १९९५ सालीं तिनेंच हाताचा कंप सांवरणारें भिंग आणलें. कंप जातो तो आपल्या हाताचा. धांवत्या सांबराच्या पायांचा नव्हे. डिजिटल कॅमेऱ्यांनीं अंधुक उजेडांत चित्र घेण्याची शक्ति खूपच वाढविली आहे, पण देणें हलकें झालें, फिटलें नाहीं.

दुकानदार भिंगाचें नाभ्यंतर मोठ्यानें सांगतो आणि दुसरा आंकडा हळूच. तो दुसरा आंकडा म्हणजे नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासानें भागून येणारा भागाकार. तो जितका लहान, तितका उजेड अधिक. ६०० मिलिमीटरला आंकडा ४ हवा असेल, तर छिद्र १५० मिलिमीटर रुंद लागतें आणि भिंग तीन किलोंच्या घरांत जातें. आंकडा ६·३ असल्यास ९५ मिलिमीटरांत भागतें, भिंग खांद्यावर पेलतें, मात्र उजेड अडीचपट कमी.

खाडीवरल्या पक्ष्यांसाठीं हें हलकें भिंग आम्ही निःशंक पसंत करूं. तेथें उजेडाची ददात नाहीं. सकाळीं लौकर जावें हें बरें, कारण ऊन तापलें म्हणजे चिखलावरील हवा थरथरते आणि कितीही लांब भिंग व्यर्थ होतें. झाडींत शिरावयाचें तर ३०० मिलिमीटर आणि २·८ हें आंखूड भिंग आम्हांस अधिक उपयोगी वाटतें. ६·३ च्या मानानें तें पांचपट उजेड घेतें. त्याच्या मागें प्रतिमा दुप्पट करणारें जोडभिंग लावून ६०० करण्याचा मोह अनेकांस होतो, पण तसें करतांच डालमायरचा चतुर्थांश पुन्हां दारांत उभा राहतो.

आणि रात्रींच्या बिबळ्यासाठीं दूरभिंग घेऊंच नये. त्याच अरण्याला लागून असलेल्या आरे वसाहतींतील एका गल्लींतल्या बिबळ्याचें नयन खानोलकर यांचें चित्र २०१६ सालीं लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेंत नागरी विभागांत पहिलें आलें. कॅमेरा आगाऊ लावून ठेविलेला होता, म्हणजे वाट चॅम्पियनचीच. मात्र दिव्यांची मांडणी गल्लींतल्या नेहमींच्या उजेडाला जुळेल अशी केलेली होती.