जिल्हा जवळ आला, माणसे दूर गेली

सिंधुदुर्ग म्हटले की आमच्या उर्दू शाळेतली मुले मालवणच्या समुद्रातला किल्ला सांगतात. जिल्हा कधी झाला असे विचारले की गप्प बसतात. म्हणून हा धडा आम्हाला दरवर्षी पहिल्यापासून सांगावा लागतो.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅ. अब्दुल रहमान अंतुले, आंबेत गावचे कोकणी मुसलमान. त्याच वर्षी 1 जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. चार महिन्यांत कोकणातल्या दोन जिल्ह्यांना शिवरायांच्या किल्ल्यांची नावे मिळाली, तीही अंतुलेसाहेबांच्या कारकिर्दीत. हे सांगताना आमचा आवाज थोडा चढतो, हे कबूल करतो.

नव्या जिल्ह्याचा फायदा उघड होता. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे. आता जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद कुडाळ व कणकवलीच्या मधोमध ओरोसला आली. आज देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग असे आठ तालुके आहेत. सरकार दाराशी आले.

पण दाराआड माणसे किती उरली? 1981 ची जनगणना जिल्हा होण्याआधीच, फेब्रुवारीत झाली होती. त्यामुळे जिल्ह्याची स्वतंत्र मोजणी प्रथम 1991 मध्ये झाली : लोकसंख्या 8,32,152. 2001 मध्ये ती 8,68,825 झाली आणि 2011 मध्ये 8,49,651 वर उतरली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटली ती सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर या तीनच जिल्ह्यांत.

यात रोगराई नाही, दुष्काळ नाही. आहे ती कोकणची जुनी हिजरत. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बोटीवर, कोणी आखातात. 2001 मध्ये येथे हजार पुरुषांमागे 1079 स्त्रिया होत्या. 2011 मध्ये 1036 राहिल्या. पूर्वी पुरुष एकटा जाई, आता बायकामुलांसह जातो. हे कळायला आम्हाला जनगणनेचा अहवाल लागत नाही, हजेरीपट पुरतो.

जिल्ह्यात मुसलमान सुमारे तीन टक्के. मोहल्ल्यात ईदला, लग्नकार्याला घरे भरतात. पण मोजणी होते फेब्रुवारीत, तेव्हा कुलपे असतात. मुंबईतला माणूस मुंबईत मोजला जातो, दुबईतला कुठेच नाही. आणि शिक्षक मिळतात ते पटावर : शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट घसरला की शाळेवर गदा, आणि छोट्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा गेली की मागून दुसरी येत नाही.

2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. दारावर येणारा प्रगणक बहुधा आमच्यातलाच कोणी मास्तर असेल. त्याला चहा नाही दिलात तरी चालेल, पण घरातले प्रत्येक नाव नीट सांगा, म्हाताऱ्या आजीचे आणि तान्ह्या मुलीचेसुद्धा. जिल्हा आखणारे निघून जातात. तो टिकवायचा आहे तो मागे राहिलेल्यांनी.