शंभर वेळा शंभर मीटर

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि मुलांच्या पायांत नवे बूट येतात. त्यांतल्या अनेक बुटांवर ‘बाटा’ हे नाव असते. हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीन गावचे. तिथल्या बाटाच्या कारखान्यात एमिल झाटोपेक (जन्म १९२२) हा पोरसवदा कामगार होता. एकदा कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने त्याला शर्यतीत पळायला फर्मावले. ‘मला नाही झेपणार,’ म्हणून त्याने अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. पण डॉक्टरांनी तपासून तो ठणठणीत असल्याचे सांगितले. नाइलाजाने पळालेला एमिल सुमारे शंभर जणांत दुसरा आला!

याच झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. असा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेला नाही. मग त्याने केले तरी काय?

आधी थोडे गणित करू. त्याने १०,००० मीटर अंतर २९ मिनिटे १७ सेकंदांत कापले. म्हणजे प्रत्येक १०० मीटरला सरासरी साडेसतरा सेकंद. आपल्या नववी-दहावीतली अनेक मुले या वेगाने १०० मीटर पळू शकतात. पण एकदाच! झाटोपेक न थांबता शंभर वेळा तसा पळाला. अवघड होते ते वेग गाठणे नव्हे, तो टिकवणे.

वेग टिकवण्याचा विचार त्याच्या आधीही झाला होता. १९२० च्या दशकात फिनलंडचा पावो नुर्मी हातात घड्याळ घेऊन पळे आणि वेग समान राखे. जर्मनीत गेर्शलर या प्रशिक्षकाने आणि राइंडेल या डॉक्टरांनी नाडीचे ठोके मोजून सराव आखला. ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जाईपर्यंत वेगाने पळायचे, ते १२० पर्यंत उतरले की पुन्हा पळायचे.

झाटोपेकचा प्रश्न साधा होता. हळू पळणे तर येतेच, मग त्याचाच सराव कशाला? तो ४०० मीटर वेगाने पळे, मग थोडे अंतर रमतगमत, की पुन्हा ४०० मीटर. असे वीस वेळा, पुढे चाळीस वेळा. पायांत लष्करी बूट घालून, बर्फातसुद्धा.

याने काय साधते? सलग वेगाने पळालो तर लवकरच दम लागतो. तेच अंतर तुकड्यांत विभागले, तर वेगाने पळण्याचा एकूण वेळ कितीतरी वाढतो. अशा सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि स्नायू ऑक्सिजन अधिक चांगला वापरू लागतात. मनालाही सवय होते. पुन्हा दम लागणार हे ठाऊक असते, आणि तो ओसरतो हेही.

पण झाटोपेकचे उत्तर शेवटचे ठरले नाही. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने आधी आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर बेताच्या वेगाने पळून पाया पक्का करायला लावला. त्याच्या दोन शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली. आजचे बहुतेक अव्वल धावपटू दोन्हींचा मेळ घालतात. बरेचसे अंतर सावकाश, थोडे अतिशय वेगाने.

म्हणून मुलांकडून लगेच चाळीस फेऱ्या मारून घ्यायला नकोत. वाढत्या वयात सराव बेतानेच वाढवायला हवा. उचलायची ती त्याची विचार करण्याची रीत. न झेपणाऱ्या कामाचे झेपतील असे तुकडे पाडायचे, मध्ये विसावा द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची.

क्रीडादिनाला एखादे मूल मागे रेंगाळते आणि ‘याच्यात दमच नाही’ असे आपण सहज बोलून जातो. झाटोपेकलाही स्वतःबद्दल तसेच वाटत होते. दम उपजतच असतो असे नाही, तो कमावताही येतो. फळ्यावर न सुटणाऱ्या गणिताशी झटणाऱ्या मुलाबद्दलही आपण हे लक्षात ठेवायला हवे, नाही का?