काठावरून पाहिलेले कॅस्टिल

एखाद्या भाषेचे हृदय नेमके कोठे असते, हा प्रश्न त्या भाषेच्या मुलुखाबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या घराण्यांना जितका जाचतो, तितका तो मुलुखात राहणाऱ्यांना जाचत नसावा. स्पेनच्या वाङ्मयेतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. इ. स. १८९८ नंतर तेथे जी लेखकांची पिढी पुढे आली, तिने कॅस्टिल या मधल्या उघड्याबोडक्या पठारालाच साऱ्या स्पेनचा आत्मा मानले. पण त्या पिढीतील प्रमुखांची जन्मगावे आपण नकाशावर शोधू लागलो, तर बोट सारखे देशाच्या कडेकडेने फिरत राहते. मिगेल दे उनामुनो बिल्बाओचा, पिओ बारोहा सान सेबास्तियनचा, रामिरो दे माएस्तू व्हितोरियाचा. हे तिघेही बास्क प्रदेशातले. वाय्ये-इन्क्लान वायव्येकडच्या गॅलिसियातला. आसोरिन भूमध्य समुद्राकडच्या आलिकान्ते प्रांतातला. आंतोनियो माचादो दक्षिणेतल्या सेव्हिलचा. या सहांत कॅस्टिलमध्ये जन्मलेला एकही नाही.

१८९८ साली काय घडले ते थोडक्यात सांगितले तरी पुरे. फेब्रुवारीत हवाना बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि एप्रिलमध्ये स्पेन व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले. १ मे रोजी मनिलाच्या उपसागरात आणि ३ जुलै रोजी क्युबातील सान्तियागोसमोर स्पेनचे आरमार नष्ट झाले. १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने क्युबा, प्वेर्तो रिको व ग्वाम हातचे गेले आणि फिलिपाइन्स दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले. कोलंबसापासून उभ्या राहिलेल्या साम्राज्याचा अमेरिकेतील व पूर्वेकडील शेष असा संपला. स्पेनमध्ये या घटनेला नुसते ‘आपत्ती’ म्हणतात. कोणती, हे विचारावे लागत नाही.

‘अठ्ठ्याण्णवची पिढी’ हे नाव रूढ झाले ते मात्र बरेच उशिरा, आसोरिनच्या १९१३ मधील लेखांमुळे. बारोहाने तर अशी काही पिढी होती हेच कधी मान्य केले नाही. शिवाय स्पेनचे खरे स्वत्व कशात आहे, या विषयावरील उनामुनोचे निबंध १८९५ सालचे, म्हणजे पराभवाच्या आधीचे. तेव्हा पराभवाने प्रश्न निर्माण केला असे म्हणता येत नाही. चार शहाण्यांच्या बैठकीतला प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला, इतकेच.

देश पाहावयाचा तो पायांनी, ही दृष्टी या लेखकांच्या आधी एका शिक्षकाने दिली होती. विद्यापीठातील अध्यापनावर सरकारने लादलेली बंधने न जुमानल्यामुळे काढून टाकलेल्या प्राध्यापकांनी १८७६ साली माद्रिदमध्ये एक स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. तिचा प्राण म्हणजे फ्रान्सिस्को हिनेर. हाही मूळचा दक्षिणेतल्या रोंदा गावचा. विद्यार्थ्यांना घेऊन तो ग्वादार्रामाच्या डोंगरांत पायी भटकत असे. खडक, झाड, पडके देऊळ, मेंढपाळाची बोली, सारे त्याला पाठ्यपुस्तकाइतकेच मोलाचे वाटे. माचादो याच शाळेत शिकला.

१९०५ साली ‘डॉन क्विक्झोट’च्या पहिल्या भागाला तीनशे वर्षे झाली. (तो भाग निघाला त्या १६०५ साली स्पेन व पोर्तुगाल यांच्या गादीवर एकच राजा होता, आणि गोव्यावरही अंमल त्याचाच, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना आठवत असेल.) त्या निमित्ताने ‘एल इम्पार्सियाल’ या वृत्तपत्राने आसोरिनला ला मांचाच्या मुलुखात पाठविले. निघताना संपादकाने त्याच्या हाती एक पिस्तूल ठेवले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. पिस्तुलाचा उपयोग करण्याजोगे तेथे काहीच घडत नव्हते. पवनचक्क्यांचे गाव, डुलक्या काढणारे जुने घरंदाज, वाडे ओसाड पडलेले एल तोबोसो. या साऱ्याचे त्याने जे वर्णन केले त्यात कमालीची स्तब्धता आहे. त्या सरंजामी आळसाच्या तो प्रेमात पडला की त्याला त्याची कीव आली, हे आम्हांला अद्यापही ठरविता आलेले नाही.

माचादोच्या बाबतीत असा संदेह राहत नाही. १९०७ साली फ्रेंचचा शिक्षक म्हणून तो सोरिया या दुएरो नदीकाठच्या लहानशा गावी गेला. ज्या खानावळीत उतरला तिच्या मालकिणीची मुलगी लिओनोर हिच्याशी १९०९ मध्ये त्याचा विवाह झाला. तो चौतीस वर्षांचा, ती पंधराची. १९११ साली अभ्यासवृत्ती मिळून दोघे पॅरिसला गेली; तेथे त्याने बर्गसाँची व्याख्याने ऐकली आणि तेथेच जुलैमध्ये लिओनोरच्या तोंडातून रक्त पडले. क्षयाने जर्जर झालेल्या पत्नीला घेऊन तो सोरियाला परतला. १९१२ च्या उन्हाळ्यात ‘कॅस्टिलची शेते’ हा त्याचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि १ ऑगस्टला ती वारली. काही आठवड्यांतच त्याने सोरिया सोडले आणि बदली मागून घेऊन तो बाएसा येथे, म्हणजे आपल्या जन्मप्रांतात, आला.

आता मौज अशी, की दक्षिणेच्या सुपीक भूमीत, ऑलिव्हच्या बागांमध्ये परतल्यावर या कवीला सोरियाचे करडे डोंगर अधिकच स्पष्ट दिसू लागले. संग्रहाच्या १९१७ मधील वाढविलेल्या आवृत्तीत ज्या कविता आल्या, त्यांतील कित्येक उत्तम कविता कॅस्टिलमध्ये नव्हे तर कॅस्टिलच्या आठवणीत लिहिलेल्या आहेत. आणि ही भक्ती आंधळी नव्हती. या पठारावरचे दारिद्र्य, जमिनीच्या लोभाने बापाचा खून करणारे मुलगे, गतवैभवाच्या चिंध्या पांघरून परक्याला तुच्छ लेखणारी घमेंड, हे सारे त्याने पाहिले आणि लिहिले. मूळच्या कॅस्टिलवाल्याने हे लिहिले असते तर ती तक्रार ठरली असती. माचादोला येथे आप्ताची माया होती आणि पाहुण्याची नजरही होती. दोन्ही एकाच माणसात आढळणे दुर्मिळ.

चित्रकलेतही त्याच वेळी काहीसे असेच चालले होते. तोलेदोचा चित्रकार म्हणून आज जग ज्याला ओळखते तो एल ग्रेको दीर्घकाळ विक्षिप्त म्हणून बाजूला पडला होता. १९०८ साली मानुएल कोसियोने त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. बास्क चित्रकार सुलोआगा त्याची चित्रे जमवीत होता. आणि हा एल ग्रेको तरी कोण? नावाप्रमाणेच ग्रीक, क्रीट बेटावरचा, १५७७ च्या सुमारास तोलेदोला आलेला. स्पॅनिश कवितेचा कायापालट करणारा रुबेन दारिओ हा तर निकाराग्वाचा. पराभवाच्या त्याच वर्षाच्या अखेरीस ब्वेनोस आइरेसच्या ‘ला नासिओन’ पत्राचा बातमीदार म्हणून तो स्पेनला आला. साम्राज्य गेले त्या सुमारास साम्राज्याच्या भाषेला नवा छंद आणि नवा नाद समुद्रापलीकडच्या माणसाने आणून दिला.

येथवर सारे सुखद वाटते. परंतु या प्रेमाची किंमत कोणी मोजली, हे न पाहता पुढे जाणे योग्य होणार नाही. रोसालिया दे कास्त्रो या गॅलिसियन कवयित्रीने १८६३ सालीच, सुगीला कॅस्टिलमध्ये राबावयास गेलेल्या आपल्या मजुरांचे जे हाल होत त्याबद्दल कॅस्टिलला खडसावले होते, तेही गॅलिसियन भाषेत. १८९८ सालीच बार्सिलोनाच्या जोआन माराग्यालने स्पेनला उद्देशून एक कविता लिहिली. ती त्याने कातालानमध्ये लिहिली आणि आपल्या या वेगळ्या भाषेत बोलणाऱ्या मुलाचे स्पेन ऐकणार आहे की नाही, असा जाब त्याने विचारला. उनामुनोचा माराग्यालशी स्नेहाचा पत्रव्यवहार होता आणि कातालान कवितेबद्दल त्याला आदरही होता.

मात्र स्वतःच्या भाषेविषयी तो निष्ठुर झाला. याची कहाणी मोठी चमत्कारिक आहे. तरुणपणी तो बास्क शिकला, १८८४ मध्ये बास्क लोकांच्या मूळस्थानाविषयी त्याने प्रबंध लिहिला, १८८८ मध्ये बिल्बाओ येथील बास्कच्या अध्यापकपदासाठी त्याने अर्जही केला. ती जागा आस्कुएला मिळाली. आणि १९०१ साली, सालामांका विद्यापीठाचा रेक्टर झाल्यावर, बिल्बाओच्या वाङ्मयीन उत्सवात उभे राहून त्याने आपल्याच गाववाल्यांना सांगितले, की बास्क मरणपंथाला लागली आहे, तिला सन्मानाने मूठमाती द्या आणि स्पॅनिश आपली करा. सभेत हलकल्लोळ झाला. केंद्राची भाषा मनापासून आपली केलेल्या माणसाला घरची भाषा अडगळ वाटू लागते, हे आम्ही अन्यत्रही पाहिले आहे. उनामुनोची बुद्धी थोर. पण या ठिकाणी तो चुकला असे आम्ही स्पष्ट म्हणू. १९६८ मध्ये अकादमीच्या आरान्तसासू येथील सभेने प्रमाण बास्कचा पाया घातला आणि १९७८ च्या राज्यघटनेनंतर बास्क प्रदेशात ती स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा झाली. आज तिच्यात विद्यापीठीय शिक्षण दिले जाते.

या माणसाचा शेवट मात्र त्याच्या त्या भाषणाला उलट उत्तर देणारा आहे. १९३६ च्या जुलैमध्ये लष्कराने बंड केले तेव्हा आरंभी त्याने बंडवाल्यांना पाठिंबा दिला. पुढे मित्रांची धरपकड झाली, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. १२ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या सभागृहात समारंभ झाला. एका वक्त्याने कातालान व बास्क लोकांवर गरळ ओकली, आणि बहात्तर वर्षांचा रेक्टर उत्तर द्यावयास उठला. तो नेमका काय बोलला याचे ध्वनिमुद्रण नाही. जगभर उद्धृत होणारे भाषण लुइस पोर्तियो याने १९४१ मध्ये लंडनच्या एका मासिकासाठी कल्पनेने पुन्हा रचलेले आहे, हे अलीकडच्या संशोधनाने पुरेसे स्पष्ट झाले आहे. पण एका पत्राच्या पाठीवर त्याने घाईघाईने केलेली टिपणे शिल्लक आहेत. त्यांत कातालान आणि बास्क यांचा उल्लेख आहे, भाषेच्या साम्राज्यवादाचा आहे आणि एक नाव आहे: रिसाल. स्पॅनिशमध्येच कादंबऱ्या लिहिणाऱ्या या फिलिपिनो लेखकाला स्पेनने १८९६ च्या डिसेंबरात मनिला येथे गोळ्या घातल्या होत्या. चाळीस वर्षांनी उनामुनोला तो आठवला. रेक्टरपद गेले, घराबाहेर पहारा बसला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो वारला. त्यानंतर फ्रँकोच्या राजवटीने कॅस्टिलची हीच प्रतिमा उचलून बाकीच्या भाषांना शाळा-कचेऱ्यांतून हुसकून लावले. प्रतिमा घडविणाऱ्यांना यात निर्दोष ठरविता येईल. पण ती इतक्या सहज उचलता यावी इतकी गुळगुळीत त्यांनीच केली होती, हेही खरे.

माचादो प्रजासत्ताकाच्या बाजूने अखेरपर्यंत राहिला. १९३९ च्या जानेवारीअखेर बार्सिलोना पडल्यावर वृद्ध आई आणि भाऊ यांच्यासह तो फ्रान्सची सीमा ओलांडून कोलियूर या समुद्रकाठच्या गावी पोहोचला. २२ फेब्रुवारीला तेथल्या लहानशा हॉटेलात तो वारला. तीन दिवसांनी आईही गेली. काही दिवसांनी भाऊ होसे याला त्याच्या अंगरख्याच्या खिशात एक चुरगळलेला कागद सापडला. त्यावर अगदी अखेरची म्हणून एक ओळ होती. कॅस्टिलच्या या सर्वश्रेष्ठ कवीच्या त्या ओळीत सोरिया नव्हते, दुएरो नव्हती. बालपणीचे ऊन होते, आणि ते बालपण सेव्हिलमध्ये गेले होते. त्याची कबर अजूनही कोलियूरलाच आहे.