दारू आणि दारूगोळा

मराठीत 'दारू' हा शब्द पेल्यातल्या मद्यालाही लागतो आणि तोफेत ठासायच्या दारूलाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मद्यावर घातलेल्या निर्बंधांचा इतिहास वाचताना हा योगायोग पुनःपुन्हा आठवतो, कारण शेवटी तिथे एक दारू दुसरीच्या कामी आली.

सुरुवात मात्र नीतीच्या भाषेत झाली. फेब्रुवारी १९१५ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी वेल्समधील बँगॉर येथे भाषण केले. जर्मनीच्या सगळ्या पाणबुड्यांनी मिळून केले नसेल एवढे नुकसान दारू करीत आहे, असा त्याचा रोख होता. कामगार पितात, पाळ्या चुकवतात, म्हणून तोफगोळे कमी पडतात, ही त्यामागची तक्रार. एप्रिलमध्ये पंचम जॉर्ज राजांनी युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात मद्य वर्ज्य केले. कॉमन्स सभेने हा कित्ता गिरवला नाही, हे ओघाने आलेच. गोळे कमी पडण्याला दारूपेक्षा ढिसाळ नियोजन अधिक जबाबदार होते, असे मला वाटते; पण कामगाराच्या पेल्याकडे बोट दाखवणे सोपे होते.

त्याच वर्षी लॉर्ड डॅबर्नन यांच्या अध्यक्षतेखाली एक नियंत्रण मंडळ नेमले गेले. लंडनमधले पब युद्धापूर्वी पहाटे पाचपासून मध्यरात्र उलटेपर्यंत उघडे असत. त्यांना आता दिवसाचे जेमतेम साडेपाच तास मिळाले, तेही दुपारी आणि संध्याकाळी असे तोडून. उधारीवर विक्री बंद झाली. दुसऱ्याला आपल्या पैशाने पाजणे हासुद्धा गुन्हा ठरला. मित्राला एक पेला दिला म्हणून दंड, ही कल्पना आज विनोदी वाटते. तरी इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूच्या नशेबद्दल शिक्षा झालेल्यांची संख्या १९१४ मधल्या सुमारे १ लाख ८४ हजारांवरून १९१८ मध्ये २९ हजारांवर आली. लाखो तरुण आघाडीवर होते हे त्याचे एक कारण खरे; पण स्त्रियांमधले प्रमाणही घटले होते, तेव्हा सगळे श्रेय खंदकांना देता येत नाही.

१९१७ मध्ये पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली आणि प्रश्नाचे रूप पालटले. आता जव पावासाठी की बिअरसाठी, असा सरळ हिशेब होता. बिअरचे उत्पादन युद्धापूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही खाली आणले गेले आणि उरलेली बिअर पातळ झाली. लोक तिला कुत्सितपणे 'सरकारी बिअर' म्हणू लागले.

सर्वांत कडक व्यवस्था स्कॉटलंडच्या सीमेवर झाली. ग्रेटना येथे कॉर्डाइट या स्फोटकाचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. शेजारच्या कार्लाइल गावात त्याच्या मजुरांची गर्दी उसळली, तेव्हा १९१६ मध्ये सरकारने त्या भागातल्या ब्रुअरी आणि पब चक्क विकत घेतले. ग्रेटनाच्या कॉर्डाइटला द्रावक म्हणून ईथर आणि अल्कोहोल लागत असे. म्हणजे कामगाराला जे पिऊ द्यायचे नव्हते, तेच त्याच्या कारखान्यात पिंपांनी ओतले जात होते. कॉर्डाइटच्या दुसऱ्या प्रकाराला ॲसिटोन लागे. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ हाइम वाइझमन यांनी जिवाणूंच्या साहाय्याने मका आंबवून ते काढण्याची रीत शोधली, आणि तिचे मोठे प्रयोग लंडनच्या एका जिनच्या भट्टीत झाले.

ॲसिटोनची हीच गरज नाशिकपर्यंत पोहोचली. इथे कच्चा माल होता मोहाची फुले. या फुलांवर सरकारचा डोळा जुनाच. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत आदिवासी घरी दारू गाळतात आणि अबकारी उत्पन्न बुडते, म्हणून १८९२ च्या कायद्याने फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधने आली होती. टंचाईत पोटाला आधार देणारे हे फूल घरात साठवणे कातकरी-ठाकरांसाठी जोखमीचे झाले. युद्धकाळात त्याच फुलांपासून ॲसिटोन बनवण्यासाठी सरकारने नाशिकला कारखाना उभारला. इथे ना राजाने मद्यत्याग केला, ना कोणी नीतीवर भाषण दिले.

युद्ध संपले, ॲसिटोनची गरज सरली. नाशिकचा तो कारखाना मग सरकारी दारू गाळण्याच्या कामी आला, मोहाच्याच फुलांची. कार्लाइलचे पब १९७३ पर्यंत सरकारच्या ताब्यात होते, आणि दुपारी पब बंद ठेवण्याची युद्धकालीन सक्ती इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली.