२६ जानेवारी आणि आपले नाव

भगिनींनो, पिंपळगाव राजात झेंडावंदनास उभी राहिले की मला दोन सालांचे स्मरण होते. १९३० साली २६ जानेवारीस देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. म्हणून १९५० साली राज्यघटना अमलात आणण्यास हाच दिवस निवडला. तेव्हा मध्यप्रदेशात असलेल्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील बायाबापड्यांसही पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. तथापि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. कारण एवढेच, की त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची लेक' असे सांगितले होते! म्हणून माझी विनंती : झेंड्यास वंदन करावेच; परंतु मतदारयादीत आपले नावही एकदा पाहावे, आणि कोणी विचारल्यास ते स्वतःच्या तोंडाने ठणकावून सांगावे.